उत्तराची वाट बघणारे थ्रेड

आज खानापूरकडं पावसानं नेटची लाईन दिवसभर ये-जा करत होती आणि बेळगावच्या सर्व्हरवर सगळे थ्रेड (प्रोग्राममधली एकेक चालू कामं) उत्तरासाठी अडकून. सिंक्रोनस मेसेज, म्हणजे पाठवून उत्तर येईतोवर तिथंच थांबायचं असा, रांगेत टाकताना खरी गोम ट्रॅन्झॅक्शनची. जेएमएसच्या (जावातली मेसेज पाठवायची सोय) ट्रॅन्झॅक्टेड सेशनमध्ये सेंड केलं तरी कमिट होईतोवर, म्हणजे व्यवहार पक्का करेपर्यंत, मेसेज पलीकडं पोचतच नाही. कमिटच्या आधी तिथंच रिसीव्ह लावलं, म्हणजे उत्तराची वाट धरली, की संपलं! टाइमआउट (थांबायची मर्यादा) नसेल किंवा ० दिला असेल, तर तो थ्रेड बसूनच.

आधी कमिट, मग रिसीव्ह. टाइमआउट ५००० मिलिसेकंद दिला तर मेसेजची मुदतही तेवढीच ठेवा. नाहीतर लाईन आल्यावर शिळी मागणी चालते. तोवर काउंटरवाल्यानं वैतागून दुसऱ्यांदा बटण दाबलेलं असतं, बिल दोनदा पडतं. कोरिलेशन आयडी (कुठलं उत्तर कुठल्या मागणीचं ते सांगणारी खूण) जुळला नाही तर उत्तर लॉग करून टाकून द्या. आणि रीट्राय करायचाच तर जुन्याच बिल नंबरनं, बरं का.