रास्पबेरी पाय ४ चं वायफाय सारखं तुटतं: आतापर्यंतची तपासणी

सेटअप: पाय ४ (तळहाताएवढा संगणक), निळ्या यूएसबी ३ पोर्टला एसएसडी (साठवणीची ड्राइव्ह), राउटर शेजारच्या खोलीत, बँड २.४ गिगाहर्ट्झ. लक्षण: एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून पायला कमांड देण्याचं कनेक्शन) मधेच गोठतं आणि अर्ध्या मिनिटाने आपोआप सुटतं.

दिवस १

सेटिंगला हात लावण्याआधी दोन पिंग (उत्तर येतं का हे पाहणाऱ्या छोट्या हाका) शेजारी-शेजारी चालू ठेवले, एक राउटरला, दुसरा बाहेरच्या सर्व्हरला. दोन्ही सेकंदाला एक आणि प्रत्येक ओळीपुढे वेळ. फक्त बाहेरचा थांबला तर दोष राउटरच्या पलीकडे, मग वायफायच्या मागे लागण्यात अर्थ नाही. इथे दोन्ही एकाच सेकंदाला थांबले, आणि त्याच राउटरला केबलने जोडलेल्या लॅपटॉपचा एकही पिंग हुकला नाही. म्हणजे दोष पाय आणि राउटर यांच्यामधल्या हवेत. पायचे तासाला ३६०० पैकी १४० पिंग हरवले. पुढची सगळी तुलना याच आकड्याशी.

वीजपुरवठाही पाहून घेतला. ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर आहे आणि कमी व्होल्टेजची नोंद कुठेच नाही.

दिवस २

सिग्नल उणे ५६ डीबीएम (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल दणकट). उणे ६७ पर्यंत काळजीचं कारण नसतं, त्यामुळे अंतर आणि भिंत बाद. पण लिंकचा वेग ७२ मेगाबिटवरून मधूनमधून ६ वर कोसळत होता. सिग्नल दणदणीत आणि वेग पडतोय, तर गोंगाटाचा संशय घ्यावा. वायफायच्या कांड्या गोंगाट दाखवत नाहीत, आणि बरेच जण नेमके इथेच फसून राउटर जवळ आणत बसतात.

वायफायचं पॉवर सेव्ह (वीज वाचवायला मधूनमधून झोपणं) चालू होतं, ते बंद केलं. पिंगचा वेळ १०० मिलिसेकंदांच्या उड्या सोडून ४-५ वर स्थिरावला, हरवलेले पिंग मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. हाताने बंद केलेलं पॉवर सेव्ह रीबूटनंतर परत चालू होतं. नेटवर्क मॅनेजर (पायवर नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम) असेल तर त्या कनेक्शनच्या पॉवर सेव्हची किंमत २ ठेवा. २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू.

दिवस ३

राउटरने ‘ऑटो’वर चॅनेल ८ धरला होता, आजूबाजूची नेटवर्कं ६ आणि ११ वर. चॅनेलांमधलं अंतर ५ मेगाहर्ट्झ आणि एका नेटवर्कची रुंदी २०, त्यामुळे ८ वर दोन्हीकडून मार बसतो. चॅनेल १ आणि रुंदी २० पक्की केली. तासाला १४० चे ९० झाले. फरक पडला, पण मूळ कारण हे नव्हे.

दिवस ४

पिंगच्या वेळा एसएसडीवर होणाऱ्या बॅकअपच्या वेळांशी ताडून पाहिल्या आणि धागा हाती लागला. वायफाय गोठतं ते एसएसडीवर लिहिणं चालू असताना. एसएसडी काढली: तासाला हरवलेले पिंग शून्य. परत लावली: ८७. काळ्या यूएसबी २ पोर्टला लावली: ३. क्रम उलटा करून पुन्हा केलं, तरी निकाल तोच.

यूएसबी ३ चा ५ गिगाबिटचा सिग्नल २.४ गिगाहर्ट्झच्या बँडमध्ये रुंद गोंगाट पसरवतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर कागद काढला होता. पायवर हे जास्त जाचतं, कारण अख्खा बोर्ड ८५ मिमी लांब. कोपऱ्याजवळ तांब्यात कोरलेला छोटा त्रिकोण दिसतो, तोच अँटेना. माझा पाय ज्या केसमध्ये (डब्यात) आहे, तिच्यात एसएसडी बोर्डाच्या खाली बसते आणि तिची केबल बरोबर त्या त्रिकोणावरून वळसा घेऊन जाते. केबल दुसऱ्या बाजूने नेली, एवढ्यानेच ८७ चे ३१ झाले.

दिवस ५

पायचं वायफाय ५ गिगाहर्ट्झच्या बँडवर नेलं. चॅनेल मुद्दाम ३६. ५२ ते १४४ मध्ये रडार आढळलं की राउटरला चॅनेल सोडावा लागतो आणि नवी जागाही याच पट्ट्यातली असेल तर तिथे निदान ६० सेकंद ऐकत बसावं लागतं, म्हणजे तुटण्याचं नवं कारण आपणच ओढवून घ्यायचं. भिंतीमुळे सिग्नल उणे ६६ वर आला, तरी एसएसडी निळ्या पोर्टलाच ठेवून, बॅकअप चालू असताना तासाला ० पिंग हरवले.

उरलेली चाचणी: पुन्हा २.४ वर येऊन चांगल्या शिल्डची (गोंगाट आत अडवणाऱ्या आवरणाची) ५० सेंमी केबल लावायची आणि एसएसडी केसच्या बाहेर, अँटेनापासून लांब ठेवायची. ज्यांचा राउटर ५ गिगाहर्ट्झ देत नाही, त्यांना याच चाचणीचा आकडा लागेल. मोजमाप तेच, बॅकअप चालू ठेवून ३६०० पिंग.