मेलेल्या सीट आणि नोटिशीची तारीख

मागच्या वर्षी आमच्या ऑफिसात एक गंमत झाली, म्हणजे आता गंमत म्हणतोय, तेव्हा माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आम्ही जे सीआरएम (गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) वापरतो ते आपोआप रिन्यू झालं, पुढच्या अख्ख्या वर्षासाठी, वाढीव रेटने, आणि आम्हाला कळलं कधी तर कार्डवरून पैसे गेल्याचा मेसेज आला तेव्हा. त्यांच्या सपोर्टला फोन लावला तर शांतपणे उत्तर मिळालं की सर, तुम्हाला आधीच मेल केला होता. शोधाशोध केली तर खरंच केला होता! फक्त तो गेला होता ज्याने ते अकाउंट पहिल्यांदा उघडलं त्याच्या पत्त्यावर आणि त्या पठ्ठ्याला नोकरी सोडून दीड वर्ष झालं होतं. त्याचा मेलबॉक्स कोणी बंद केला नव्हता, म्हणजे त्याचं लायसन्स पण चालूच होतं. थोडक्यात, आमच्यापर्यंत न पोचलेला मेल ठेवायचे पैसेही आम्हीच भरत होतो.

त्या दिवसापासून ही सगळी सबस्क्रिप्शनची भानगड माझ्याकडे आली. कोणी दिली नाही, मीच मागून घेतली रागारागात.

तर पहिली गोष्ट, भाव वाढणार का हा प्रश्नच डोक्यातून काढून टाका. वाढणारच. मायक्रोसॉफ्टने 1 मार्च 2022 ला ऑफिस 365 ई-3 चा प्लॅन माणशी महिना 20 डॉलरवरून 23 वर नेला. सीआरएम विकणाऱ्या सेल्सफोर्सने सात वर्षं लिस्ट प्राइसला, म्हणजे जाहीर भावाला, हात लावला नव्हता आणि ऑगस्ट 2023 मध्ये सरासरी 9 टक्के वाढवली, मग दोनच वर्षांनी परत सरासरी 6 टक्के. कधी कधी तर प्लॅनचा रेट तोच राहतो आणि फक्त पैसे भरायच्या पद्धतीवर वाढ येते, एप्रिल 2025 पासून मायक्रोसॉफ्टने वर्षाचं कमिटमेंट करून (म्हणजे वर्षभर सोडणार नाही असं कबूल करून) दरमहा बिल भरणाऱ्यांना 5 टक्के जास्त लावले तसं. एकरकमी भरणाऱ्यांना ती वाढ नाही. आता ही बातमी कोण वाचतं? आमच्याकडे तरी कोणी वाचली नव्हती.

आणि फुकटवाल्यांनी हसू नये. ऑफिसातल्या चॅटचं ॲप असलेल्या स्लॅकने सप्टेंबर 2022 मध्ये पैसेवाल्या प्रो प्लॅनचा रेट वाढवला तेव्हाच फ्री प्लॅनची जुनी 10,000 मेसेजची मर्यादा काढून फक्त शेवटच्या 90 दिवसांचे मेसेज दिसतील असं केलं. ज्यांची टीम लहान, बोलणं कमी, त्यांचे दोन-दोन वर्षांचे जुने मेसेज एका दिवसात दिसेनासे झाले. ही पण दरवाढच, फक्त बिल न पाठवता केलेली.

बरं मग करायचं काय. मी सगळ्यात आधी घासाघीस करायला बसलो होतो आणि ते चुकलंच. आधी आपल्या घरातला कचरा काढायचा. गूगल वर्कस्पेसचंच उदाहरण घ्या, 2025 च्या सुरुवातीला त्यांनी जेमिनाय हे त्यांचं एआय सगळ्या बिझनेस प्लॅनमध्ये घातलं आणि बिझनेस स्टँडर्ड वर्षाच्या कमिटमेंटवर माणशी महिना 12 डॉलर होता तो 14 केला. 40 युजर धरले तर वर्षाला 5,760 चे 6,720 झाले, म्हणजे 960 डॉलरचा फटका. आता ऍडमिन पॅनल उघडा आणि शेवटचं लॉगिन कधी ते बघा. 40 पैकी 7 जण तीन-चार महिन्यांत आलेच नाहीत असं निघालं (आणि निघतंच, कोणीतरी सोडून गेलेलं, कोणी इंटर्न, एक "टेस्ट" नावाचा युजर, एक "टेस्ट 2") तर ते काढल्यावर 33 सीटचे (सीट म्हणजे एका युजरचं लायसन्स) नव्या रेटने 5,544 होतात. जुन्या बिलापेक्षाही कमी! वाढ झाली आणि बिल उतरलं. यासाठी कोणाच्या नाकदुऱ्या काढायला लागल्या नाहीत की कोणाला फोन करायला लागला नाही.

हां, पण सोडून गेलेल्याचा मेल लगेच उडवू नका, त्यात गिऱ्हाइकांची जुनी पत्रं असतात. मायक्रोसॉफ्टमध्ये तो मेलबॉक्स शेअर्ड मेलबॉक्स (अनेकांनी मिळून उघडायचा) करता येतो, 50 जीबीपर्यंत त्याला लायसन्स लागत नाही. बाकीच्यांकडेही काही ना काही सोय असते, विचारायला पाहिजे. आणि निदान info@ किंवा accounts@ असले पत्ते तरी आधी तपासा, आमच्याकडे त्यातले दोन पूर्ण पैशांच्या लायसन्सवर बसले होते आणि ते उघडणारं कोणी नव्हतं.

इथे खरी मेख आहे. वर्षाचं कमिटमेंट असेल तर सीट वाढवता कधीही येतात, कमी मात्र करता येत नाहीत. मायक्रोसॉफ्टकडे विकत घेतल्यावर किंवा रिन्यू झाल्यावर 7 दिवसांची खिडकी मिळते, ती गेली की पुढच्या रिन्युअलपर्यंत तुमच्या मेलेल्या सीट तुम्हीच सांभाळायच्या. आणि मोठ्या सॉफ्टवेअरचे जे ॲग्रीमेंट असतात त्यात रिन्यू करायचं नसेल तर 30, 60, कधी 90 दिवस आधी लेखी कळवा असं बारीक अक्षरात असतं. म्हणजे महत्त्वाची तारीख रिन्युअलची नाहीच, नोटिशीची आहे. रिन्युअलच्या आठवड्यात जागे झालात तर वरातीमागून घोडं.

म्हणून मी एक साधी शीट केली, काही फॅन्सी नाही. सॉफ्टवेअरचं नाव, किती सीट घेतल्या, किती खरंच वापरात, रेट, रिन्युअलची तारीख, नोटिशीची तारीख, बिलिंगचा मेल कोणाकडे जातो आणि कोणत्या कार्डवर आहे. एवढंच. शेवटचे दोन कॉलम भरताना मला दोन दिवस लागले कारण मार्केटिंगच्या मुलीने एक टूल स्वतःच्या कार्डवर घेऊन दरमहा खर्च लावला होता, आणि तेच टूल सेल्सवाल्यांनी वेगळ्या अकाउंटवर घेतलेलं. दोघांना एकमेकांचं माहीत नाही. मग सगळ्यांचा बिलिंग मेल एका ग्रुपच्या पत्त्यावर वळवला, ज्यात तीन माणसं आहेत, म्हणजे एक जण सोडून गेला तरी मेल हवेत जाणार नाही. नोटिशीच्या तारखेच्या एक महिना आधीचं रिमाइंडर कॅलेंडरमध्ये टाकलं.

मंथली घ्यायचं का वर्षाचं, यावर ऑफिसात बरीच भांडणं झाली. मायक्रोसॉफ्टचा मंथली कमिटमेंटवाला रेट वर्षाच्या रेटपेक्षा 20 टक्के जास्त असतो. गणित सोपं आहे, 12 ला 1.2 ने भागा, 10 येतात. माणूस दहा महिन्यांपेक्षा कमी टिकणार असेल तर मंथली स्वस्त, नाहीतर वर्षाचं. त्यामुळे कायमची टीम वर्षाच्या प्लॅनवर आणि प्रोजेक्टपुरती येणारी मंडळी मंथलीवर, असं मिक्स केलंय. तीन वर्षांचं लॉक करा, रेट गोठवून देतो असं पण कोणीतरी गळ घालतंच, त्यात रेट गोठतो तसा सीटचा आकडाही तीन वर्षं खाली येत नाही हे मात्र तो सांगत नाही. धंदा वाढणारच अशी खात्री असेल तर घ्या बुवा, माझी नव्हती.

आता घासाघीस. लहान धंद्याचं कोण ऐकतं असं मला वाटायचं, आणि थेट वेबसाइटवरून कार्डने घेतलेल्या गोष्टींबाबत ते खरंच आहे, तिथे समोर माणूसच नसतो. पण जिथे सेल्सचा माणूस आहे तिथे ऐकतात. फक्त "डिस्काउंट द्या" म्हणण्यापेक्षा "पुढच्या रिन्युअलला अमुक टक्क्यांच्या वर वाढवायचं नाही हे ॲग्रीमेंटमध्ये लिहा" हे मागा. डिस्काउंट एका वर्षाचा असतो आणि दुसऱ्या वर्षी तो काढून घेतला की तीच मोठी वाढ दिसते. ही अट पहिल्या सहीच्या वेळी सहज मिळते, नंतर तुमचा सगळा डेटा आत गेल्यावर तुम्हाला विचारतंय कोण. आणि त्यांचं आर्थिक वर्ष कधी संपतं ते बघून ठेवा, मायक्रोसॉफ्टचं 30 जूनला, सेल्सफोर्सचं 31 जानेवारीला. टार्गेट पूर्ण करायची घाई असते तेव्हा माणूस जरा मऊ बोलतो.

सोडून जाऊ अशी धमकी द्यायची तर आधी सोडता येतंय का ते करून बघा. मी आमच्या सीआरएममधून एका रविवारी सगळा डेटा एक्सपोर्ट केला. नावं, फोन, पत्ते व्यवस्थित आले सीएसव्हीमध्ये, म्हणजे एक्सेलमध्ये उघडते तसल्या साध्या फाइलीत. पण प्रत्येक गिऱ्हाइकाशी काय बोलणं झालं त्या नोंदी आल्या नाहीत, जोडलेल्या फाइली आल्या नाहीत, आणि कोणता कॉन्टॅक्ट कोणत्या ऑर्डरचा ते नातं तुटलेलं. सोमवारी कळलं की आपण एवढे दिवस कशाच्या जोरावर भांडत होतो. आता दर तीन महिन्यांनी नोंदी एपीआयमधून (म्हणजे प्रोग्रामने डेटा ओढायच्या वाटेने) वेगळ्या काढून ठेवतो, भाच्याने स्क्रिप्ट लिहून दिलीय, कधी कधी मध्येच बंद पडते.

एआयचं एक राहिलं. हल्ली प्रत्येक वाढीसोबत एक एआय बांधून येतं, आणि आधी वेगळं असलेलं ते फीचर आता सगळ्यांच्या ताटात, नको असलं तरी. वाढीचा मेल आला की जुना प्लॅन किंवा खालचा प्लॅन शिल्लक आहे का ते विचारायचं, पहिल्या पानावर तो दाखवत नाहीत. 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने घरगुती 365 मध्ये कोपायलट हे त्यांचं एआय घालून भाव वाढवला तेव्हा जुन्या ग्राहकांसाठी क्लासिक नावाचा बिनकोपायलटचा प्लॅन होता, पण तो पुष्कळांना सबस्क्रिप्शन कॅन्सल करायला गेल्यावरच दिसला.

सीआरएमच्या नोटिशीला अजून 41 दिवस आहेत. यावेळी 22 पैकी 15 सीट ठेवतोय, आणि सेल्सवाल्यांपैकी दोघं अजून सांगत नाहीयेत की ते वापरतात का नाही.