भट्टीवरचं पिवळं कार्ड

दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर घरांना कुलपं लागतात. म्हातारी माणसं, लेकरं, कोंबड्या, भांडीकुंडी सगळं टेम्पोत घालून माणसं भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. पावसाळ्यात घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ पैसे, विटा पाडून फेडायची, आठवड्याला शेठ देईल त्या खर्चीत भागवायचं, हिशोब हंगाम संपल्यावर. आमची छोटी संस्था भिवंडी तालुक्यातल्या अशा काही भट्ट्यांवर काम करते. शिधा देतो, मुलांची वजनं करतो, दंडाचा घेर मोजतो, जवळच्या अंगणवाडीत त्यांची नावं घालायला लावतो.

जानेवारीतली गोष्ट. शिधावाटप आम्ही दुपारी ठेवतो. भट्टीचं काम मध्यरात्रीनंतर सुरू होतं, त्यामुळे दुपारी माणसं जरा टेकलेली असतात. पिशवीत ५ किलो तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, शेंगदाणे आणि गूळ. शेंगदाणे-गूळ मुलांसाठी, हे आम्ही प्रत्येक झोपडीपुढे बजावून सांगतो. कारण पंधरवड्यापूर्वीच याच भट्टीवरच्या एका दीड वर्षाच्या पोराच्या दंडाला लावलेली पट्टी लाल रंगावर आली होती. लाल म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, तीव्र कुपोषण. माझ्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या कड्यात तो दंड सहज मावत होता. त्याला आम्ही उपजिल्हा रुग्णालयात दाखवलं होतं, पण घरात चुलीवर काय शिजतंय ते आम्हाला दिसत होतं. भात आणि वर सुक्या जवळ्याचं पाणी.

त्या पोराची आजी पिशवी घेऊन आत गेली आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी घेऊन परत आली. आत पिवळं रेशनकार्ड. कडा खाल्लेल्या, पण नीट जपलेलं.

"ताई, ह्यो हितं चालंल का?"

भट्टीवर हा प्रश्न कधी कुणी विचारत नाही. आम्हीच विचारतो, आणि उत्तर ठरलेलं असतं: कार्ड गावाला आहे. एका राज्यात कुठल्याही रास्त भाव दुकानात धान्य उचलता येतं, हे आम्ही सांगून सांगून थकतो, पण कार्डच जवळ नाही म्हटल्यावर बोलणं तिथंच संपतं. या आजीने कार्ड सोबत आणलं होतं.

कुटुंब कातकरी. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातल्या तीन आदिम जमाती. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने आदिम जमातींना अंत्योदयचं कार्ड द्यावं असा आदेश दिला, त्यामुळे यांच्याकडे अंत्योदयचं कार्ड असायलाच हवं, आणि होतं. अंत्योदय म्हणजे घरात माणसं कितीही असोत, महिन्याला ३५ किलो धान्य. २०२३ पासून तेही फुकट. कार्डावर पेनाने लिहिलेला बारा अंकी नंबर मी फोनवर पुरवठा विभागाच्या साइटवर टाकला. नोव्हेंबर, धान्याची उचल नाही. डिसेंबर, उचल नाही. महिना संपला की त्या महिन्याचं धान्य बुडतं. दोन महिन्यांचं ७० किलो गेलेलं होतं आणि आम्ही त्या घरात ५ किलो तांदूळ देऊन निघालो होतो. मी तो आकडा माझ्या सहकाऱ्याला दाखवला. तो काही बोलला नाही, टेम्पोची चावी घेऊन आला.

जानेवारीचं अजून शिल्लक होतं. आजीला पुढे बसवलं आणि जवळच्या गावातल्या दुकानात गेलो.

दुकानदार म्हणाला, "बाहेरचं कार्ड आहे. तुमच्या गावाला जा."

नंबर मशीनमध्ये टाकून बघा, एवढंच आम्ही म्हणत राहिलो. तो चिडला. "माझा कोटा माझ्या कार्डांपुरता येतो. यांना दिलं आणि महिनाअखेरीला माझा माणूस रिकाम्या हाताने गेला, तर शिव्या मी खायच्या का?" त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. बाहेरच्या कार्डांची उचल झाली की जादा धान्य मागता येतं, पण ते वेळेवर येईल याची खात्री दुकानदाराला कोण देणार? मी तहसीलच्या पुरवठा शाखेत फोन लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. पलीकडून काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. फोन परत देताना त्याने "बसा" म्हटलं आणि आजीला स्टूल दिलं.

मशीनवर नावं आली. आजी, मुलगा, मोठी नात. सून आणि धाकटं पोर कार्डावर नाहीच. सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर, ते तिथून कमी झाल्याशिवाय इथे चढत नाही, आणि आईचंच नाही तर पोराचं कुठून असणार. अंत्योदयला त्याने धान्य घटत नाही. प्राधान्य कुटुंबांच्या कार्डावर मात्र माणशी ५ किलो मिळतं, तिथे अशी दोन नावं नसली की महिन्याला १० किलोचा फटका. भट्टीवर अशी घरं अनेक आहेत.

आजीचा अंगठा लागेना. गारा तुडवून, माती मळून, साच्यातून विटा काढून त्या बोटांवर रेषाच उरलेल्या नव्हत्या. उजवा झाला, डावा झाला, मशीन दर वेळी नाकारत होतं. आजी प्रत्येक नकारानंतर बोट पदराला पुसून पुन्हा ठेवायची, जणू काही चूक तिचीच होती. ते बघवत नव्हतं. ज्या कामाने पोट भरत नाही म्हणून रेशन लागतं, तेच काम तिची ओळख पुसून टाकतं. मोठी नात मोखाड्याला आश्रमशाळेत. राहिला मुलगा.

माझा सहकारी भट्टीवर परत गेला. मुकादम म्हणाला, रात्री कामाला उठायचंय त्याला, झोपू द्या. मुलगा स्वतःच उठून आला. त्याच्याही अंगठ्याचं तेच. मग दुकानदारानेच आतून कोमट पाणी मागवलं, त्याची बोटं धुवायला लावली, खोबरेल तेलाचा थेंब चोळून कोरड्या फडक्याने पुसायला सांगितलं. "आमच्याकडचे गवंडी पण असेच येतात," तो म्हणाला. अंगठा सोडून मधलं बोट ठेवलं आणि मशीनने घेतलं. पावती सरकत बाहेर आली. तांदूळ आणि गहू मिळून ३५ किलो.

आजीने पावती माझ्याकडून वाचून घेतली, पुन्हा एकदा वाचायला लावली, आणि कार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये घातली. टेम्पोत गोणीवर बसलेला मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दर म्हयन्याला असा भेटला तर खर्ची कमी उचलंन." हे मला कुठल्याही आभारापेक्षा मोठं वाटलं. खर्ची कमी उचलली म्हणजे हंगामाअखेरचं देणं कमी, आणि देणं कमी म्हणजे पुढच्या पावसाळ्यात त्याच शेठची उचल घ्यायची सक्ती तेवढी सैल.

गोणी उतरवताना आजूबाजूच्या झोपड्यांतली माणसं जमली. कुणी कार्डाचा फोटो फोनमध्ये शोधू लागलं, कुणी गावाकडे भावाला फोन लावला. एक बाई बाजूला उभी होती. तिचं कार्ड गावातल्या किराणावाल्याकडे, लग्नाच्या वेळच्या उधारीत अडकलेलं. कुणाचं रेशनकार्ड असं ठेवून घेणं कायद्यात बसत नाही, पण पाड्यावर ते सर्रास चालतं. तिला विचारलं, आधारकार्ड आहे? आहे म्हणाली. आधार रेशनकार्डाशी जोडलेलं असेल तर दुकानात नंबर आणि बोट पुरतं, पुठ्ठ्याचं कार्ड दाखवावं लागत नाही. ती म्हणाली, "मग वान्याकडं ऱ्हाऊ द्या तो."

शिध्याच्या पिशव्या आम्ही बंद केलेल्या नाहीत, लाल पट्टीवरच्या पोराला वाट बघायला सांगता येत नाही. पण आता पहिल्या भेटीतच प्रत्येक घराचा बारा अंकी नंबर वहीत उतरवतो. त्या बाईचं आधार जोडलेलं निघालं. शनिवारी तिला दुकानात न्यायचं ठरलं, सोबत खोबरेलाची बाटली घेऊन.