पगाराच्या बोलणीत पहिला आकडा कोणी सांगायचा? : माझा अनुभव

नोकरी बदलताना मला सर्वांत जास्त विचार करावा लागला तो "सध्या पगार किती आहे?" या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा. जुना पगार एकदा तोंडातून निघाला की पुढची सगळी चर्चा त्यावर किती टक्के वाढ द्यायची एवढ्यापुरती उरते आणि नव्या कामाची जबाबदारी, त्या कामाचा बाजारातला दर हे मुद्दे मागे पडतात.

आधी कानावर पडलेल्या आकड्याभोवतीच आपला अंदाज घुटमळत राहण्याच्या या प्रवृत्तीला अँकरिंग बायस म्हणतात. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात एका चक्राचा प्रयोग आहे. ते चक्र मुद्दामच १० किंवा ६५ वर थांबेल असे केलेले होते. त्यानंतर संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के आहेत, असे विचारल्यावर १० पाहिलेल्यांच्या अंदाजांचा मध्यक २५ आला आणि ६५ पाहिलेल्यांचा ४५. चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचाही संबंध नव्हता. माझ्या पगाराच्या बोलणीत तर समोरच्याने सांगितलेल्या आकड्याचा विषयाशी थेट संबंध असणार होता, आणि अनुभवी माणसेही यातून सुटत नाहीत, हे नॉर्थक्राफ्ट आणि नील यांनी १९८७ साली मालमत्तेच्या दलालांवर केलेल्या अभ्यासात दिसले होते. दाखवलेल्या मागणीच्या किमतीने त्यांचे मूल्यांकन हलले, मात्र बहुतेकांनी तिचा प्रभाव मान्य केला नाही. (मला त्यांचे हे नाकारणेच अधिक बोलके वाटते.)

म्हणून बोलणीच्या आदल्या दिवशी मी कागदावर तीन आकडे लिहिले: मागायचा, मिळावा असा आणि ज्याच्या खाली उतरायचे नाही तो. गॅलिन्स्की आणि मुसवायलर यांच्या २००१ च्या अभ्यासानुसार पहिला प्रस्ताव मांडणाऱ्याला सहसा फायदा होतो. पण तो प्रस्ताव ऐकणारा माणूस स्वतःच्या लक्ष्यावर किंवा बोलणी फिसकटल्यास प्रतिपक्षाकडे उरणाऱ्या पर्यायांवर लक्ष ठेवून असेल, तर तो फायदा ओसरतो. त्यामुळे आकडा आधी कंपनीकडून आला तरी आधार असावा म्हणून मी ती जागा रिकामी राहिली तर कंपनीचे काय काय अडेल, हेही आकड्यांखाली लिहून ठेवले.

प्रत्यक्षात मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी जुन्या पगाराचा प्रश्न विचारलाच. "या पदासाठी माझी अपेक्षा अमुक आहे," असे सांगून मी कारणे मांडली. त्यांनी बराच कमी आकडा पुढे केला, तेव्हा तो किती वाढवता येईल याचा हिशेब माझ्या मनात लगेच सुरू झाला. कागदावर नजर टाकली तेव्हाच तो थांबला. त्यांच्या आकड्यावर घासाघीस न करता मी पुन्हा माझ्या आकड्यापासून बोलायला लागलो आणि दोन फेऱ्यांनंतर आम्ही माझ्या कागदावरच्या मधल्या आकड्याच्या किंचित वर थांबलो.

उरलेला फरक एकरकमी बोनस देऊन भरून काढण्याची त्यांची सूचना मात्र मी स्वीकारली नाही, कारण पुढच्या वर्षीची वाढ मोजली जाणार होती ती मूळ पगारावर.