एकुलता एक नवरदेव

मावशीचं बोलणं डोक्यातून जात नाही. तिला टोचायचंही नव्हतं. मोबाईलवर काय वाचतोस एवढंच तिनं विचारलं आणि मी सांगून बसलो, की जपानी चित्रकथा आहे, एका बेटावर सगळ्या बायकाच आहेत आणि तिथं एकच पोरगा वाहून येतो. तर म्हणाली, "मग तुझं तिथंच जमंल बघ." सगळे हसले, मीही हसलो. संज्या जरा जास्तच हसला, पण त्याचं लग्न झालंय, त्याला परवडतं.

तिथंच जमेल. म्हणजे दुसरा कोणी नसेल तिथं.

ताकेशी फुजिशिरोची 'नागासारेते आयरान्तो' मी कॉलेजात वाचली होती, तेव्हा नुसता खिदळलो होतो. इकुतो बापाशी भांडून घर सोडतो, जहाजावरून समुद्रात पडतो आणि थेट आयरान्तोच्या किनाऱ्याला लागतो. बेटाभोवती भोवरे, त्यामुळे परत जाणं नाही. गावातले पुरुष बारा वर्षांपूर्वी मासेमारीच्या स्पर्धेला गेले ते लाटेनं नेले. मग गावची म्हातारी जाहीर करते की जी या पोराला पकडेल, तिचा तो नवरा. झालं, सगळं गाव त्याच्या मागे.

काल पुन्हा काढून वाचली तर हसूच येईना.

त्या पोराला धड पोहताही येत नाही. बेटावर राहून! तो जिच्या घरी राहतो ती सुझू मासे पकडण्यात त्याच्या कितीतरी पुढे. ती गावात याचं-त्याचं काम करून जेवणाचं भागवते. रिन म्हणून गावातली दुसरी पोरगी, तिच्या घरातल्या बायका सुतारकाम करतात. बारा वर्षं गाव पुरुषांवाचून मजेत चाललंय. मग त्या पळतात कशाला? पुरुष आहे म्हणून. इकुतो आहे म्हणून नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. त्या दिवशी संज्या वाहून आला असता तरी पळाल्याच असत्या.

असं कोणी आपल्या मागे पळालं तर बरं वाटेल का? झोपण्याआधी वाटलं, का नाही वाटणार? दिवा मालवल्यावर वाटलं, नकोच. चौदा वर्षांच्या, कागदावरच्या पोराचा हेवा करत मी पडून होतो, हे लिहायलाही लाज वाटते.

2022 च्या डिसेंबरात सोलापुरात लग्नाळू पोरं नवरदेव होऊन, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली होती. मुली मिळत नाहीत म्हणून मोर्चा. तेव्हा मी तो व्हिडिओ चार ग्रुपवर पाठवला होता, हसण्याचे चेहरे लावून. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे 929 बायका, सहा वर्षांपर्यंतच्या पोरांत हजार मुलग्यांमागे 894 मुली. तिकडचे पुरुष लाटेनं नेले. इकडच्या मुली कुणी नेल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर मावशी बोलत नाही. मीही आज लिहीत नाही.

पण सुझूचं एक आहे. आई वारलेली, बाप लाटेत गेलेला, घरात ती आणि एक पाळीव डुक्कर, ज्याचं नाव तळलेल्या पदार्थावरून ठेवलंय. प्रेम म्हणजे काय याचा तिला पत्ता नाही. तिला घरात कोणीतरी हवं असतं, जेवायला समोर बसणारं. इकुतो ते कोणीतरी होतो. आणि पुढं हळूहळू इकुतोच होत जातो.

तसं पाहिलं तर आईनं बाबांना पाहिलं तेव्हा तिच्यापुढं कुठे रांग लागली होती? चहाचे कप उचलेपर्यंत ठरलं होतं म्हणे. बाबा होते तोवर ती त्यांना कशावरून ना कशावरून बोलायची, आणि आता... असो.

शिवाय त्या पोराचं तरी कुठं जमलंय? मालिका 2002 ची, 2007 मध्ये अ‍ॅनिमे, म्हणजे टीव्हीवरची कार्टून मालिकाही येऊन गेली, तीसच्या वर खंड झाले. मी वाचलंय तिथवर तरी गडी नुसता पळतोय. मावशी त्या बेटावर असती तर दुसऱ्या खंडात याद्या झाल्या असत्या आणि तिसऱ्यात बारसं.

रविवारी बारामतीचं स्थळ आहे. मुलगी बँकेत आहे, तिला बरीच स्थळं सांगून येतायत, म्हणजे इथं पळायचंय ते मला. पोहायला मात्र येतं, मळ्यातल्या विहिरीत शिकलोय. बायोडेटात घालू का म्हणून मावशीला विचारलं, तर तिनं फोनच ठेवला.