आठ पाकळ्यांची गोधडी

आजचा दिवस शोभादर्शकाच्या धर्तीवरची गोधडी बेतण्यात गेला. कापडावर दोन आरसे 45 अंशांच्या कोनात उभे केले, की मधल्या पाचरीचे आठ पाकळ्यांचे फूल होते आणि आरसे बोटभर सरकवताच सारी नक्षी पालटते. डेव्हिड ब्रूस्टर यांनी 1817 मध्ये पेटंट घेतलेल्या शोभादर्शकाचे तत्त्वही हेच. प्रत्येक चौकोनासाठी नक्षीचा एकच भाग आठ वेळा हुबेहूब कापावा लागतो. त्यामुळे ठशांचे कापड मला कितीही प्रिय असले तरी आज ते बाजूला ठेवले, कारण हाताने उमटवलेला ठसा दरवेळी केसभर इकडेतिकडे होतो आणि तो फरक नेमका मध्यबिंदूपाशी खटकतो. येथे गिरणीत छापलेले सुती कापडच बरे. पाचरींच्या तिरप्या कडा ताणल्या जातात, म्हणून कापण्यापूर्वी खळ देऊन कडक इस्त्री केली. पाव इंच शिवण सोडून आधी चार-चार पाकळ्यांचे दोन अर्धे भाग जोडले, मग मधून एकच सरळ शिवण घातली आणि कोपऱ्यांना त्रिकोण लावले. गर्द निळ्या जमिनीवरच्या तांबड्या वेलीतून एका चौकोनात चांदणी उमटली, तर शेजारच्या चौकोनात चक्क खेकडा, आणि खरे सांगायचे तर मला तो खेकडाच अधिक आवडला आहे.