आधी वरचं बूच, मग खालचं

"गियरबॉक्सचं तेल काढलं, पण भरायचं बूच काही उघडत नाही. हळूहळू चालवत आणतो तुझ्याकडे." हेदवीजवळच्या एका वाडीतून काकांचा फोन होता. मी हातातलं काम टाकलं आणि म्हटलं, "काका, आधी चावी काढून खिशात घाला. गाडी अजिबात चालू करू नका."

ऑटोमॅटिक गाडी पार्कमध्ये असली की गियरबॉक्समध्ये काही फिरत नाही, असं पुष्कळांना वाटतं. पण इंजिन सुरू झालं की टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गियरबॉक्सला देणारा भाग, फिरतो आणि त्याच्याबरोबर आतला तेलपंपही. तेल नसेल तर पंप कोरडाच घासतो, दाब तयार होत नाही, क्लचप्लेटा घसरून जळतात. शृंगारतळीतल्या माझ्या गॅरेजपर्यंतच्या चढ-उतारांवर तो गियरबॉक्स कायमचा गेला असता. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, ती चाकं फिरली की गियरबॉक्सही आतून फिरतो, त्यामुळे दोरी बांधून ओढण्याचाही प्रश्न नव्हता. हत्यारं घेऊन मीच गेलो.

काकांनी बाकी सगळं मनापासून केलं होतं. अंगणात सपाट जागा बघून गाडी चारही बाजूंनी स्टँडवर, समतल. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली शिरलं नव्हतं. ड्रेन प्लगसाठी, म्हणजे तेल काढायच्या खालच्या बुचासाठी, नवा वॉशर आणून ठेवलेला. तेलाच्या डब्यावरचा ग्रेड मी गाडीच्या पुस्तकाशी ताडून पाहिला, बरोबर होता. हे बघावंच लागतं, कारण सीव्हीटीचं, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या गियरबॉक्सचं, तेल वेगळं, साध्या ऑटोमॅटिकचं वेगळं, आणि रंगावरून काहीच ठरवता येत नाही. सगळ्यात मोलाचं म्हणजे काढलेलं तेल त्यांनी खुणा असलेल्या कॅनमध्ये धरून ठेवलं होतं. 3 लिटरला थोडं कमी. काळपट झालेलं, पण जळका वास नाही, धातूचा चुरा नाही. त्यांचं चुकलं ते एकाच ठिकाणी: भरायचं बूच उघडतंय का हे न बघता खालचं उघडलं.

समुद्राकाठच्या गाडीत हे हमखास होतं. बूच लोखंडी, गियरबॉक्सचं खोकं ॲल्युमिनियमचं. मध्ये खारी हवा शिरली की आट्यांच्या कडेला पांढरी भुकटी धरते आणि दोन्ही धातू एकमेकांना चिकटून बसतात. काकांनी झिजलेली ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी, लावून जोर केला होता, त्यामुळे खाचेचे कोपरे गोल व्हायला लागले होते. टोकदार तारेने मी खाचेतली माती कोरून काढली. गंज सोडवणारं तेल मारलं आणि बराच वेळ थांबलो. मग नवा बिट हातोडीने हलकेच ठोकून खाचेच्या तळाशी बसवला. लांब दांडा लावून आधी किंचित आवळायच्या दिशेने दाब दिला, मग उलटा. 'टक्' असा आवाज झाला आणि बूच सुटलं. इथे घाई केली असती तर ॲल्युमिनियमचे आटे बुचाबरोबर बाहेर आले असते.

खरी मेख त्यापुढे होती. या गाडीला डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, नाही. खालच्या बुचाच्या आत एक नळी असते; सगळं तेल काढताना तीही काढतात, भरण्याआधी परत लावतात. तेल ठरावीक तापमानाला असताना तिच्यातून जादाचं तेल बाहेर पडतं आणि तीच पातळी. या गाडीला ते तापमान 35 ते 45 अंश. तेल तापलं की फुगतं. त्यापेक्षा गरम असताना बूच उघडलं तर हवं ते तेलही वाहून जातं आणि गियरबॉक्स अर्धपोटी राहतो. मे महिन्यातल्या दुपारी उन्हात उभ्या गाडीचं तेल सुरुवातीलाच पस्तिशीच्या आसपास असतं, मग हाताशी मिनिटं उरतात ती मोजकीच. म्हणून काढलं तेवढं तेल भरून आम्ही ऊन उतरेपर्यंत थांबलो. मग इंजिन चालू केलं, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी क्षणभर थांबवत फिरवली आणि पुन्हा पार्कमध्ये आणली. गाडीला जोडलेल्या स्कॅनरवर तेलाच्या तापमानाचा आकडा 40 दिसला तेव्हा खालचं बूच उघडलं. काहीच आलं नाही. वरून थोडं थोडं घालत गेलो. धार लागली, बारीक होऊन थेंबांवर आली, तेव्हा नवा वॉशर घालून बूच टॉर्क पान्याने बसवलं.

काकांना वाटलं, आता सगळं तेल नवं झालं. तसं नसतं, जवळपास निम्मं जुनं तेल कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या इतर भागांत राहतं. काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदला, असं सांगितलं. मशीन लावून जोरात धुवायचा सल्ला मी जुन्या गियरबॉक्सला देत नाही.

जुनं तेल कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी लावू का, असं त्यांनी विचारलं. आमच्याकडे लावतात. पण विहीर कुंपणाला लागूनच होती, म्हणून कॅन मी गॅरेजात घेऊन आलो. वापरलेलं तेल नेणारा येतो, त्याच्याकडे तो गेला.